हयातीपुरते स्वामित्व

हिंगणघाटच्या किंवा पुलगावच्या बाजारात कापसाचा व्यवहार करून ज्याने चार पैसे गाठीस बांधले आणि त्या पैशांतून दहावीस एकर काळी जमीन खरेदी केली, असा गृहस्थ साठीच्या पुढे गेला म्हणजे एके दिवशी वकिलाच्या किंवा दस्तलेखकाच्या ओट्यावर जाऊन बसतो आणि मृत्युपत्र लिहवितो. त्या मृत्युपत्रातील एक कलम बहुधा ठरलेले असते. माझे पश्चात सदर वावर माझे पत्नीने तिचे हयातीपर्यंत उपभोगावे; विक्री, गहाण अथवा दान करण्याचा अधिकार तीस राहणार नाही; तिचे पश्चात वावर अमुक मुलाकडे अगर अमुक पुतण्याकडे जावे. हे कलम सांगताना त्या गृहस्थास आपण बायकोची चांगली तजवीज केली असे मनापासून वाटत असते, आणि लिहिणाऱ्यासही त्यात काही वावगे दिसत नाही. आमचे मत याच्या उलट आहे. या कलमाने बायकोची तजवीज अर्धीमुर्धी होते आणि पुढच्या पिढीसाठी एक दिवाणी दावा मात्र पुरता तयार करून ठेवला जातो. हे आम्ही उगाच भीती घालण्यासाठी म्हणत नाही. या एका वाक्याचा अर्थ काय, याविषयी देशातील न्यायालये आज सत्तर वर्षे निर्णय देत आली आहेत, आणि त्या निर्णयांचा मेळ अजूनही पुरता बसलेला नाही.

समजा, मृत्युपत्र करणारा तो गृहस्थ वारला आणि त्याची पत्नी मागे पंचवीस वर्षे जगली. तिचे नाव तलाठ्याच्या, म्हणजे आमच्याकडे ज्यास लोक अजून पटवारीच म्हणतात त्याच्या दप्तरी चढले. काही वर्षे पुतण्याने वावर मक्त्याने केले. पुढे बोलाचाली झाली, तेव्हा बाईंनी दुसऱ्यास दिले. मध्यंतरी आजारपण आले, नागपूरच्या दवाखान्याचा खर्च आला, आणि बाईंनी तीन एकरांचा तुकडा शेजारच्या शेतकऱ्यास रजिस्टर खरेदीखताने विकला. त्याने सातबारा पाहिला, त्यावर बाईंचे नाव पाहिले, पैसे मोजले, विहीर खणली. उरलेली जमीन बाईंनी, ज्या भाचीने अखेरची सेवा केली तिला, आपले मृत्युपत्र करून दिली. बाई वारल्या. दिवस होतात न होतात तोच तीन माणसे तीन कागद घेऊन उभी राहतात: पुतण्याच्या हाती काकांचे मृत्युपत्र, शेजाऱ्याच्या हाती खरेदीखत, भाचीच्या हाती मावशीचे मृत्युपत्र. तिघांपैकी कोणीही लबाड नाही, हे या प्रकरणातील खरे दुःख होय. लबाडाशी लढताना माणसास निदान आपण खरे असल्याचे बळ तरी असते. येथे तिघेही खरे, आणि निकाल मात्र एकाच प्रश्नावर लागावयाचा: त्या बाईस जमिनीची मालकी होती की केवळ हयातीपुरता उपभोग होता?

हा दाखला आम्ही कल्पनेने रचिला आहे. परंतु ज्यांनी कोर्टाच्या आवारात चार दिवस काढले आहेत त्यांस तो ओळखीचा वाटेल.

या प्रश्नाशी आमच्या मुलखाचे नाते जुने आहे. नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. मागे राहिलेल्या राण्यांस दत्तक घेण्याचा अधिकार आहे की नाही, हाच तेव्हाचा वाद होता. लॉर्ड डलहौसीने तो अधिकार मानला नाही आणि १८५४ साली राज्य खालसा केले. म्हणजे ज्या सत्तेने पुढे १८६२ साली वर्धा जिल्हा निराळा काढला, ती सत्ता या प्रांतात आली तीच मुळी विधवांचे म्हणणे बाजूस सारून. १८६० नंतरच्या दशकातील बंदोबस्तात मालगुजारांस गावांची मालकी मिळाली. जमीन विकत घेण्याची, गहाण ठेवण्याची, डिक्रीत लिलाव होण्याची वस्तू झाली. जमीन बाजारात आली तशी तिच्यामागोमाग विधवाही कोर्टात आली. कारण पुत्रहीन मालगुजाराच्या मागे जमिनीवर बसलेली बाई जेव्हा सही करी, तेव्हा त्या सहीची किंमत किती हे सावकारास आणि भाऊबंदांस दोघांसही जाणून घ्यावयाचे असे.

त्या सहीची किंमत ठरविली गेली ती लंडनमध्ये, प्रिव्ही कौन्सिलात. वास्तविक मिताक्षराकार विज्ञानेश्वर, जो सुमारे नऊशे वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याण नगरीत बसून लिहीत होता, त्याने स्त्रीधनाचा अर्थ फार उदार केला होता. स्त्रीस वारशाने आले, वाटणीत आले, खरेदीने आले, ते सारे स्त्रीधनच, असे त्याचे म्हणणे. कल्याणच्या या पंडिताचे म्हणणे लंडनच्या न्यायाधीशांस पटले नाही. १८६७ साली त्यांनी काशीकडील एका खटल्यात ठरविले की, पतीकडून वारशाने आलेली मालमत्ता विधवेचे स्त्रीधन होत नाही. मुंबईकडील न्यायालयांनी निदान बापाच्या इस्टेटीत मुलीस पूर्ण स्वामित्व दिले. विधवेच्या बाबतीत तेही नाही. शास्त्र म्हणजे स्त्रियांस काही देऊ नये असे सांगणारे पुस्तक, असे मानणाऱ्या दोन्ही पक्षांनी, सुधारकांनी आणि सनातन्यांनी, हा इतिहास एकदा वाचावा अशी आमची सूचना आहे.

याच्याही आधीचा, १८६१ सालचा मच्छलीपट्टणच्या कलेक्टराचा खटला आमच्या मते सर्वांत बोधप्रद आहे. एका ब्राह्मण जमीनदाराची विधवा वारली. तिच्या पतीचा कोणीही वारस उरला नव्हता. तिने हयातीत कर्ज काढून इस्टेट गुंतविली होती. भाऊबंद नाहीत, तेव्हा हरकत घेणार कोण? हरकत सरकारने घेतली. बेवारस इस्टेट सरकारजमा होते, म्हणून पुतण्याने जी तक्रार केली असती ती तक्रार कलेक्टर करू लागला. आणि प्रिव्ही कौन्सिलाने सांगितले की त्यास तो अधिकार आहे, कारण विधवेचे हात बांधलेले आहेत ते कोणा भाऊबंदाच्या हितासाठी नव्हेत, तिच्या हक्काचे स्वरूपच तसे आहे. धर्मकृत्यासाठी तिचे अधिकार थोडे मोठे, लौकिक कामासाठी लहान, असेही त्याच निकालाने सांगितले. पतीच्या श्राद्धासाठी, त्याच्या कर्जासाठी, मुलीच्या लग्नासाठी किंवा स्वतःच्या पोटासाठी ‘कायदेशीर गरज’ दाखविता आली तर तिने विकलेली जमीन घेणाऱ्याकडे राही. दाखविता आली नाही तर बाईच्या मृत्यूनंतर भाऊबंदांनी दावा करून ती परत घ्यावी. गरज होती हे दाखविण्याचा भार खरेदीदारावर, आणि दाव्याची मुदत बाईच्या मृत्यूपासून बारा वर्षे. बाईने तिशीत जमीन विकली आणि ती सत्तरीत वारली, तर घेणाऱ्याचे दस्त पन्नास वर्षांहूनही अधिक काळ कच्चेच राही. एवढ्या अवधीत साक्षीदार मरून जात, सावकाराच्या वह्यांस वाळवी लागे, आणि चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या कारणासाठी पाचशे रुपये घेतले याचा खल नातवांनी करावा लागे.

हे जोखड काढण्याचा पहिला यत्न केला तो एका मराठी डॉक्टराने. मुंबईचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य डॉ. गोपाळ विनायक देशमुख यांचे विधेयक १९३७ साली कायदा झाले आणि विधवेस मुलाइतका वाटा मिळाला. परंतु तो वाटाही ‘हिंदू स्त्रीची इस्टेट’ या नावाने, म्हणजे हयातीपुरताच. त्यातही चार वर्षांनी, १९४१ साली, फेडरल कोर्टाने सांगितले की गव्हर्नरांच्या प्रांतांत शेतजमिनीस हा कायदा लागू होत नाही, कारण शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांच्या कायदेमंडळांचा विषय. ज्या जिल्ह्यात घरोघरी मालमत्ता म्हणजे वावर, तेथे हा कायदा म्हणजे बिनदाण्याचे कणीस झाले. पुढे प्रांतोप्रांती वेगळे कायदे करून ती उणीव भरून काढावी लागली. त्याच साली राव समिती नेमली गेली, तीतून हिंदू कोडाचा मसुदा निघाला, तो रेंगाळला, आणि त्या रेंगाळण्याच्या दुःखाने डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. कोड एकसंध असे झालेच नाही. त्याचे चार तुकडे होऊन चार कायदे झाले. त्यांतील वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला.

त्या कायद्याचे कलम १४ आमच्या प्रत्येक वाचकाने, निदान ज्याच्या घरी जमीन आहे त्याने, समजून घेतले पाहिजे. त्याचे पहिले पोटकलम म्हणते की हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता, ती कायद्याच्या आधी मिळालेली असो वा नंतर, तिच्या पूर्ण मालकीची होय. एका वाक्याने शंभर वर्षांचे ओझे उतरले. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘ताबा’ या शब्दाचाही व्यापक अर्थ केला. अर्थात ज्या विधवेने १९५६ पूर्वीच जमीन विकून टाकली होती तिच्या खरेदीदारास या कायद्याने काही मिळाले नाही, आणि असे जुने दावे पुढे कित्येक वर्षे चालत राहिले. परंतु त्या जून महिन्यात जी विधवा आपल्या वावरात उभी होती, तिच्या मरणाची वाट पाहणारे भाऊबंद त्या दिवसापासून वारस राहिले नाहीत.

येथेच गोष्ट संपती तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. त्याच कलमाचे दुसरे पोटकलम म्हणते की, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, अन्य दस्तऐवज, न्यायालयाचा हुकूमनामा किंवा लवादाचा निवाडा यांनी स्त्रीस मालमत्ता मिळाली असेल आणि त्यातच मर्यादित हक्क लिहिला असेल, तर पहिले पोटकलम तेथे लागू नाही. पुढच्या दाराने हाकलून दिलेली हयातीची इस्टेट या मागच्या दाराने पुन्हा घरात आली. आता ती शास्त्राच्या नावाने येत नाही किंवा प्रिव्ही कौन्सिलाच्या नावानेही येत नाही. ती नवऱ्याच्या स्वाक्षरीने येते.

या दोन पोटकलमांतील सीमारेषा कोठे आखावी, यावर न्यायमूर्तींतही एकमत होणे किती कठीण गेले हे दोन खटल्यांवरून दिसून येईल. उत्तर हिंदुस्थानातील एका जमीनवाल्याने १९३७ साली मृत्युपत्र करून पत्नीस हयातीपुरती जमीन दिली आणि तिच्या पश्चात ती भाऊबंदांस ठेविली. तो १९३८ साली वारला. विधवेने जमीन वीस वर्षांहून अधिक काळ वाहिली, आणि १९५६ च्या कायद्याने आपण मालक झालो असे समजून स्वतःचे मृत्युपत्र करून ती दुसऱ्या एका बाईस दिली. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पतीने दिले तेवढेच तिचे. बाई गेली, हक्क गेला, जमीन भाऊबंदांची.

दुसरा खटला आंध्रातील तुलसम्मांचा. त्यांचे पती १९३१ साली सावत्र भावाशी एकत्र असतानाच वारले. पोटगीसाठी त्यांस दिरावर दावा करावा लागला, हुकूमनामा मिळाला, आणि १९४९ साली जी तडजोड नोंदली गेली तीत काही मालमत्ता त्यांस मिळाली, पण हयातीपर्यंत आणि विकण्याचा अधिकार नाही या अटीवर. १९६१ च्या सुमारास त्यांनी तीपैकी काही विकली, तोच दिराने दावा ठोकला. १७ मार्च १९७७ रोजी तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की, विधवेचा पोटगीचा हक्क तडजोडीने जन्मास आला नाही; तो आधीपासूनचा आहे. त्या आधीच्या हक्काच्या बदल्यात जे मिळाले त्यावर कागदात कितीही अटी लिहा, त्या अटी गळून पडतात आणि स्त्री पूर्ण मालक होते. पतीच्या मृत्यूनंतर सेहेचाळीस वर्षांनी तुलसम्मांस हे उत्तर मिळाले. नवा हक्क जेथे प्रथमच कागदाने निर्माण होतो तेथेच काय ते दुसरे पोटकलम, असा या निकालाचा सारांश.

मग पतीचे मृत्युपत्र या दोहोंपैकी कोणत्या बाजूस? पत्नीस पतीकडून पोटगीचा हक्क तर असतोच. तेव्हा मृत्युपत्राने दिलेली जमीन त्या हक्काच्या बदल्यात दिली असे म्हणावे, की पतीने आपल्या स्वकष्टार्जित मालमत्तेची आपल्या इच्छेप्रमाणे व्यवस्था केली असे म्हणावे? काही निकाल या बाजूचे, काही त्या बाजूचे. मृत्युपत्रात ‘उदरनिर्वाहासाठी’ हा एक शब्द आहे की नाही यावर वकिलांनी तासन् तास बोलावे, अशी स्थिती आली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, या विषयावरील निकालांत एकवाक्यता नाही हे स्पष्ट नमूद करून, प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. कायदा झाल्यास तेव्हा अडुसष्ट वर्षे झाली होती. देशाचे अत्युच्च न्यायालय ज्या वाक्याचा अर्थ एकमुखाने सांगू शकले नाही, ते वाक्य आमचे दस्तलेखक जुन्या नमुन्यावरून रोज उतरवून काढतात!

यात एक मौज आहे, तिजकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. जो गृहस्थ मृत्युपत्र न करताच वारतो, त्याची विधवा मुलामुलींच्या आणि सासूच्या बरोबरीने वाटा घेते आणि त्या वाट्याची पूर्ण मालक होते. जो बायकोची काळजी वाहून, वकिलाची फी देऊन, दोन साक्षीदार आणून मृत्युपत्र करतो, त्याची विधवा त्याच वावरात मक्तेदारासारखी राहते. आळशी नवऱ्याची बायको मालकीण, आणि दक्ष नवऱ्याची बायको पाहुणी! यावर कोणी म्हणेल की, हयातीच्या कलमाने तिला सगळे वावर मिळते, वाट्याने चौथाईच मिळेल. हे खरे आहे, आणि ज्या घरी मुले आईस विचारीत नाहीत त्या घरी सबंध वावराचे उत्पन्न हाती असणे ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्याला वावर कसण्याचा अनुभव आहे तो सांगेल की, मालकी नसलेले वीस एकर आणि मालकीचे पाच एकर यांत म्हातारपणास उपयोगी कोणते. हयातीच्या हक्कावर लांब मुदतीचे कर्ज कोण देईल? विहीर कोण खणील? आर्वी, आष्टी, कारंजा या बाजूस संत्र्याच्या बागा होतात. संत्र्याचे झाड लावल्यापासून बहर हाती येण्यास पाचसहा वर्षे लागतात. साठीची विधवा, जिच्यामागे ती बाग कोणाकडे जाणार हे आधीच लिहून ठेवले आहे, ती झाडे लावील की मिळेल ते पीक काढून वर्ष निभावील? आणि पुतण्याचे म्हणाल, तर काकूच्या वावरात बांध घालावा, चर खणावा अशी बुद्धी त्यासही होत नाही, कारण ते अजून त्याचे नाही. वीसपंचवीस वर्षे जमिनीस धनीच नसतो. ज्या सहा जिल्ह्यांस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारास विशेष साहाय्य जाहीर करावे लागले, त्यांत वर्धा होता. कर्त्या पुरुषामागे वावर सांभाळणाऱ्या बायका या जिल्ह्यात किती आहेत हे कोणास सांगावयास नको. त्यांच्या हाती जी जमीन येते ती तरी निखळ यावी, एवढे मागणे जास्त नाही.

आता नवऱ्याच्या मनातील भीतीचा विचार करू. कारण ती भीती आहे, आणि तिची थट्टा करून ती जाणार नाही. बायको जमीन माहेरी देऊन टाकील, कोणी गोड बोलून सही घेईल, म्हातारपणी तिला फसवतील, अशी ती भीती असते. यांपैकी पहिलीचे उत्तर कायद्यातच बरेचसे आहे. पतीकडून वारशाने आलेली मालमत्ता अपत्यहीन विधवेने मृत्युपत्र न करता मागे ठेविली, तर ती तिच्या भावाकडे जात नाही, पतीच्या वारसांकडे परत जाते. तिने जाणूनबुजून मृत्युपत्र करून भाचीस दिली तर ती गोष्ट वेगळी. पण पुतण्याने ज्या काकूस पाणी विचारले नाही तिने ते करू नये असे म्हणण्याचा अधिकार पुतण्यास कोठून आला? फसवणुकीची भीती खरी आहे. मात्र ती भीती नवऱ्यासही तितकीच लागू आहे. म्हाताऱ्या पुरुषांकडून सह्या घेतल्याची प्रकरणे कोर्टात कमी नाहीत, आणि म्हणून पुरुषांनी साठीनंतर जमीन विकू नये असे कलम कोणी सुचविल्याचे आम्ही ऐकले नाही.

व्यापारी वाचकांस आम्हांस थोडे निराळे सांगावयाचे आहे. वर्ध्याकडे हिंदूंच्या मृत्युपत्रास प्रोबेट घेण्याची सक्ती कधीच नव्हती. मृत्युपत्र रजिस्टर करण्याचीही सक्ती नाही. त्यामुळे मृत्युपत्र पेटीत राहते, फेरफार वारसा म्हणून होतो, सातबाऱ्यावर बाईंचे नाव साधे मालक म्हणून लागते, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात मर्यादेचा एक शब्दही नसतो. खरेदीदार सातबारा पाहून निश्चिंत होतो. परंतु महसुली दप्तरातील नोंद ही सारावसुलीसाठी असते, तिने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी इतक्या वेळा सांगितले आहे की आता ते सांगणेही कंटाळवाणे झाले. बाई वारल्यावर पेटी उघडते. तेव्हा विधवेकडून जमीन घेणाऱ्याने सातबाऱ्यावर न थांबता, जमीन तिच्याकडे कशी आली, वारशाने की कागदाने, आणि कागदाने तर त्या कागदाचे शब्द काय, हे पाहावे. फेरफाराचे मूळ पान काढून वाचावे. आणि पतीच्या पुढच्या वारसांची संमती खरेदीखतावर घ्यावी. हे सर्व करण्यास चार दिवस लागतात. न केल्यास किती वर्षे लागतात ते वर आलेच आहे.

तथापि सगळा भार खरेदीदाराच्या सावधपणावर टाकून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. हयातीची इस्टेट ही कल्पना ज्या इंग्लंडच्या कायद्यात मुरली होती, त्या इंग्लंडने तिचे काय केले पाहा. तेथे मोठमोठ्या जमिनी अशाच पिढ्यान्‌पिढ्या हयातीच्या हक्कात अडकून पडल्या, घरे मोडकळीस आली, शेती सुधारेना. तेव्हा १८८२ साली पार्लमेंटाने कायदा करून हयातीच्या धन्यास जमीन विकण्याचा अधिकार दिला. अट एवढीच की पैसा त्याच्या हाती न देता विश्वस्तांकडे अगर कोर्टात भरावा. धन्याने हयातीत व्याज खावे, पुढच्या वारसाचा हक्क जमिनीवरून उठून त्या पैशावर बसावा, आणि खरेदीदाराचे दस्त पक्के व्हावे. १९९६ साली तर अशा जुन्या तऱ्हेच्या नव्या व्यवस्था करण्याचीच तेथे बंदी झाली. आम्ही गाठ तेवढी उसनी घेतली, ती सोडविण्याची किल्ली घेतली नाही.

कायदेमंडळाने करावयाचे काम यावरून स्पष्ट आहे. पतीने पत्नीस मृत्युपत्राने दिलेली जमीन किंवा राहते घर यांस कलम १४ चे दुसरे पोटकलम लागू नाही, एवढी दुरुस्ती संसदेने करावी. मोठ्या पीठाने काय ठरवावे हे सांगणे आमचे काम नव्हे. परंतु न्यायालयाने निकालांची सांगड घातली तरी ती झालेल्या कागदांचा अर्थ लावण्यापुरती असते, आणि जो गृहस्थ उद्या ओट्यावर येऊन बसणार आहे त्यास सरळ वाटेवर आणण्यास कायद्याचे शब्दच सरळ हवेत. काहींस ही दुरुस्ती मृत्युपत्राच्या स्वातंत्र्यावर घाला वाटेल. आमचे उत्तर असे की, पत्नीस काहीच न देण्याचे स्वातंत्र्य, पोटगीच्या कायद्याची मर्यादा सोडून, त्यांस तसेच राहते. द्यावयाचे तर मात्र पुरते द्यावे. राज्य सरकारनेही, फेरफार घेताना मृत्युपत्र आहे काय असे वारसांस लेखी विचारावे आणि असल्यास त्यातील मर्यादा ‘इतर हक्क’ या रकान्यात चढवावी, असा हुकूम काढण्यास हरकत नसावी. त्यास नवा कायदा लागत नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत वर्ध्याच्या, हिंगणघाटच्या, आर्वीच्या वकील मंडळींस आणि दस्तलेखकांस आमची एक विनंती आहे. मृत्युपत्र सांगावयास आलेला गृहस्थ ‘हयातीपर्यंत’ हा शब्द उच्चारील तेव्हा लेखणी क्षणभर थांबवून त्यास विचारावे की, पाच एकर बाईंच्या नावे कायमचे आणि बाकीचे आजच मुलांच्या नावे, असे केले तर चालेल काय. पुष्कळ जण चालेल म्हणतील. आजवर त्यांस कोणी विचारलेच नव्हते.